आखातातलं दोन-तीन महिन्यांचं शटडाऊन: हो म्हणायच्या आधी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

गणपती आटोपले की आखातातल्या शटडाऊनचे, म्हणजे रिफायनरी किंवा प्लांट बंद ठेवून करतात त्या दुरुस्तीच्या कामाचे, फोन सुरू होतात. "सौदीला पंच्याहत्तर दिवसांचं शटडाऊन आहे, दीडशे रियाल रोज, राहणं कंपनीचं, परवापर्यंत पासपोर्ट टाक." आणि आपला माणूस फोन ठेवायच्या आधीच डोक्यात गुणाकार करतो, दीडशे गुणिले पंच्याहत्तर गुणिले रियालचा भाव तेवीस, झाले २ लाख ५८ हजार. संध्याकाळपर्यंत बायकोला सांगून झालेलं असतं, दुसऱ्या दिवशी कंपनीत राजीनामा, तिसऱ्या दिवशी एजंटला पैसे, आणि ऑफर लेटर हातात येतं ते एअरपोर्टवर. म्हणजे सगळी कामं केली, फक्त उलट्या क्रमाने.

मी पाईप फिटर म्हणून सुरुवात केली, लोट्याच्या एमआयडीसीत काम करत होतो, नंतर फोरमन म्हणून चार शटडाऊन केली. पहिल्या वेळी मी पण हेच केलं होतं आणि राजीनामा देऊन ३८ दिवस चिपळूणला घरी बसलो होतो, व्हिसाची वाट बघत. आता ओळखीतली पोरं विचारायला येतात आणि प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. हे दोन ते सहा महिन्यांच्या कामासाठी आहे. दोन वर्षांचा व्हिसा हा वेगळा विषय, त्याचा हिशोब पण वेगळा.

क्रम असा ठेवा: हिशोब, कागद, एजंट, ऑफर लेटर, व्हिसा, टेस्ट-मेडिकल, मग हातातली नोकरी, मग बॅग. यातलं एक जरी पुढे-मागे झालं तरी पैसे तुमचेच जातात.

१. आधी घरी बसून हिशोब: महिना मोजू नका, दिवस मोजा

पंच्याहत्तर दिवसांचं काम म्हणजे पंच्याहत्तर दिवसांचा पगार नसतो. पोचल्यावर गेट पास, सेफ्टी इंडक्शन, कधी परत मेडिकल, यात आठ-दहा दिवस सहज जातात. शुक्रवार सुट्टीचा असेल तर तो वजा. शेवटी काम आटोपतं पण तिकीट मिळत नाही म्हणून कॅम्पात बसलेले दिवस. आणि भारतातले दिवस कोण मोजणार? इथलं काम सोडल्यापासून विमानात बसेपर्यंतचे, आणि परत आल्यावर पुन्हा काम लागेपर्यंतचे. मिळालेली कमाई या सगळ्या दिवसांवर वाटली गेली पाहिजे, तर खरा आकडा कळतो.

एक उदाहरण करून दाखवतो, आकडे धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

रोज १५० रियाल, दहा तासांची ड्युटी, जेवण स्वतःचं. ७५ दिवसांत प्रत्यक्ष हजेरी ६० दिवस भरली असं धरू. ६० गुणिले १५० म्हणजे ९,००० रियाल. रियालचा भाव २३ धरला तर २,०७,००० रुपये. फोनवर ऐकलेल्या २ लाख ५८ हजारातले ५१ हजार इथेच गळाले.

आता खर्च. एजंटची फी जीएसटीसकट ३५,४००. मेडिकल, टेस्ट आणि मुंबईच्या दोन फेऱ्या मिळून १२,०००. मेसचे दिवसाला १५ रियाल धरले तर ७५ दिवसांचे १,१२५ रियाल, म्हणजे २५,८७५ रुपये. बूट, कपडे, सिमकार्ड ५,०००. पैसे पाठवायचा खर्च १,५००. एकूण ७९,७७५. हातात राहिले १,२७,२२५.

आणि दिवस किती गेले? निघायच्या आधी २५ बसून, ७५ तिकडे, परत आल्यावर ३० काम शोधत, म्हणजे १३०. भागून बघा, दिवसाला ९७९ रुपये पडतात. इथे ओव्हरटाइम धरून महिना २८,००० मिळवणाऱ्या वेल्डरला दिवसाला ९३३ पडतात. फरक ४६ रुपयांचा, आणि तेवढ्यासाठी अडीच महिने घर सोडायचं.

त्यात ५०,००० रुपये महिना तीन टक्क्यांनी उचलले असतील आणि पाच महिन्यांनी फेडले, तर व्याजाचे ७,५०० गेले. आता दिवसाला ९२१, म्हणजे इथल्यापेक्षा कमी!

तेच गणित उलटं पण फिरतं बरं का. एजंटची फी कंपनीने भरली, आणि इथल्या मालकाने बिनपगारी रजा दिली म्हणून परत आल्यावरचे ३० दिवस वाचले, तर हातात १,६२,६२५ आणि दिवस १००. दिवसाला १,६२६. रोजाचा आकडा तोच दीडशे रियाल. म्हणून मी पोरांना सांगतो की रोज दहा रियाल वाढवून मागण्यात जेवढा घसा कोरडा करता त्याच्या निम्मा जरी फी कोण भरणार आणि रजा मिळेल का यावर केलात तरी जास्त सुटतं.

भावाबद्दल एक: सौदी रियाल डॉलरला ३.७५ ने बांधलेला आहे, १९८६ पासून. यूएईचा दिरहम पण असाच ३.६७ च्या आसपास बांधलेला. म्हणजे तुमचा भाव हलतो तो फक्त रुपया-डॉलरमुळे. आजच्या भावापेक्षा रुपयाभर कमी धरून हिशोब करा, जास्त मिळाला तर वरचा.

*थांबा आणि बघा:* दिवसाचा खरा आकडा इथल्या कमाईच्या दीडपट तरी निघतोय का? माझी रेघ दीडपटीची आहे. तुमची वेगळी असेल, पण आकडा काढल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

२. कागद: पासपोर्ट उघडून नीट वाचा

हे काम तासाभराचं आहे पण अडतात सगळे इथेच.

पासपोर्टची मुदत निदान वर्षभर शिल्लक हवी. सहा महिने चालतात असं सांगतात, पण शटडाऊन लांबलं, व्हिसा उशिरा आला की सहा महिने पुरत नाहीत. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आधी दुरुस्त करा, २०२२ च्या शेवटापासून यूएई एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाला अडवतं. पासपोर्टवरचं नाव आणि आयटीआयच्या सर्टिफिकेटवरचं नाव एकाच स्पेलिंगचं हवं.

मग बघा ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) छापलंय का. दहावी पास असाल तर तुम्ही ईसीआरमधे येत नाही, पण पासपोर्ट काढताना दहावीचं मार्कशीट जोडलं नाही म्हणून कित्येकांच्या पासपोर्टवर उगाच ईसीआर बसलेलं आहे. ईसीआर असेल तर १८ देशांत नोकरीला जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे सरकारची परवानगी, लागतो, त्यात सौदी, यूएई, कतार, कुवेत, ओमान, बहारीन सगळे येतात. मुंबईचं प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं ऑफिस बीकेसीतल्या विदेश भवनात आहे, अर्ज मात्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून होतो.

एक गोष्ट उलटी वाटेल, पण ईसीआर हटवायची घाई करू नका. ईसीआरवाल्याचं कॉन्ट्रॅक्ट सरकारी पोर्टलवर चढतं, विमा सक्तीचा असतो. ज्याचं इंग्रजी कच्चं आहे आणि जो पहिल्यांदाच चाललाय त्याला ही डोकेदुखी फायद्याची आहे.

३. एजंट: नंबर आधी, पैसे नंतर

ऑफिस अंधेरीत आहे, एसी आहे, भिंतीवर विमानाचं पोस्टर आहे, यावरून काहीच कळत नाही. कळतं ते रिक्रूटिंग एजंटच्या लायसन्स नंबरावरून. नंबर मागा, ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः टाकून बघा, लायसन्स चालू आहे की रद्द झालंय ते तिथे दिसतं. आणि नाव-पत्ता जुळतो का तेही बघा, कारण दुसऱ्याचा नंबर स्वतःच्या जाहिरातीत छापणारे महाभाग आहेत.

गावातला जो माणूस तुम्हाला तिथपर्यंत नेतो, तो सब-एजंट. कायद्यात सब-एजंट नावाचा प्रकार बसतच नाही. तो चांगला असेल, नात्यातला असेल, मामाचा साडू असेल, पण त्याच्या हातात पैसे देऊ नका. पैसे लायसन्सवाल्या एजन्सीच्या खात्यात, बँकेतून, आणि पावती घेऊन. फीची कायदेशीर मर्यादा ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणून वर मी ३५,४०० धरले. यापुढे मागितले तर ते "व्हिसाचे", "तिकिटाचे", "साहेबाचे" काहीही म्हणोत, ते जास्तीचेच.

*धोका:* ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेणं, कोरा सही केलेला चेक मागणं, "मधेच पळून आलास तर" म्हणून स्टॅम्प पेपरवर लिहून घेणं. तिन्हीपैकी एक जरी दिसलं तर उठून या. पासपोर्ट व्हिसा स्टॅम्पिंगसाठी द्यावा लागतो, तो देताना मात्र तारीख घातलेली पोच घ्या आणि सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

४. ऑफर लेटर: सही करायच्या आधी एवढं शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लेटर फोनवर मागवा, रात्री घरी शांतपणे वाचा, इंग्रजी जड जात असेल तर शाळेतल्या सरांकडे घेऊन जा, लाज कसली त्यात. "सगळ्यांचं सेम आहे, सही कर" हे वाक्य ऐकलं की समजायचं की वाचण्यासारखं काहीतरी आहे.

बेसिक किती ते वेगळं लिहिलंय का? नुसतं "१५० रियाल, दहा तास" असेल तर त्यात ओव्हरटाइम गिळलेला आहे. सौदी आणि यूएई दोन्हीकडे ड्युटी आठ तासांची, आठवड्याला ४८. त्यावरच्या तासांना सौदीत तासाच्या पगारावर बेसिकच्या ५० टक्के जास्त द्यायचे असतात. यूएईत २५ टक्के, आणि रात्री १० ते पहाटे ४ च्या मधे ५० टक्के, पण शिफ्टमधे काम करणाऱ्यांना हा रात्रीचा दर लागत नाही. बेसिक मुद्दाम कमी आणि अलाउन्स जास्त दाखवला की ओव्हरटाइम आपोआप स्वस्त पडतो, हा डाव जुना आहे.

स्टँडबायचे पैसे आहेत का? शटडाऊनमधली सगळ्यात मोठी गळती ही. साइटवर परमिट मिळालं नाही, क्रेन आली नाही, प्लांट वेळेवर बंद झाला नाही, तुम्ही कॅम्पात. "नो वर्क नो पे" लिहिलेलं असेल तर ते दिवस बुडाले. माझ्या दुसऱ्या शटडाऊनला सलग नऊ दिवस आम्ही कॅम्पात पत्ते खेळलो आणि नऊही दिवस बिनपगारी गेले, कारण ती ओळ मी वाचलीच नव्हती. किमान अमुक दिवसांची हजेरी धरली जाईल असं लिहून मागा. सगळे देत नाहीत, पण तुमचा हात चांगला असेल, टिगचा सिक्स-जी (तिरक्या पाईपवरची अवघड टेस्ट पास) वेल्डर असाल, तर देतात.

पगार कुठल्या दिवसापासून सुरू? विमानात बसल्यापासून, साइटवर गेल्यापासून, की गेट पास मिळाल्यापासून? या तिघांत आठवड्याचा फरक पडतो.

जेवण आणि राहणं. "फूड प्रोव्हायडेड" आणि "फूड अलाउन्स" यात फरक आहे. मेसचं जेवण म्हणजे बऱ्याचदा डाळ, चिकन आणि जाड भात, तीन महिने काढता येतात, पण पथ्य असेल तर अलाउन्स बरा.

तिकीट दोन्ही बाजूंचं आहे का, आणि मधेच परत यावं लागलं तर कोणाच्या खर्चाने? घरी कोणी गेलं, तुम्ही आजारी पडलात, तर काय कापणार ते आधीच माहीत हवं. काम लांबलं तर पगार तोच का, आणि लांबवायला तुम्ही नाही म्हणू शकता का, हेही विचारा.

ग्रॅच्युइटीचं गाजर दाखवलं तर हसून सोडा. यूएईत नोकरीचं एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय ती मिळतच नाही, ७५ दिवसांत कुठली ग्रॅच्युइटी.

*थांबा आणि बघा:* लेटरवर कंपनीचं नाव आहे की नुसतं मॅनपॉवर सप्लायरचं? जिथे काम करणार ती रिफायनरी एक, तिचा काँट्रॅक्टर दुसरा, तुम्हाला पगार देणारा तिसरा. तुमचा मालक तो तिसरा. गुगलवर रिफायनरीचे फोटो बघून खूश होऊ नका, सप्लायरने आधीच्या शटडाऊनचे पैसे वेळेवर दिले का ते गेल्या वर्षी गेलेल्या दोन पोरांना विचारा.

५. व्हिसा: नाव वाचा, रंग नाही

थोड्या दिवसांच्या कामासाठी रीतसर व्हिसे आणि परमिट आहेत. सौदीत टेम्पररी वर्क व्हिसा आहे, यूएईत मिशन वर्क परमिट आणि टेम्पररी वर्क परमिट आहेत. तरीही एजंट व्हिजिट व्हिसा पुढे करतो, कारण स्वस्त आणि पटकन होतो. "सगळे असेच जातात." हो, जातात, आणि साइटवर बोट कापलं तर हॉस्पिटलच्या दारात कळतं की कागदोपत्री तुम्ही कामगार नाहीतच, फिरायला आलेले पाहुणे आहात. व्हिजिट व्हिसावर यूएईत काम करणं बेकायदा आहे. पगार अडकला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार? ईसीआर पासपोर्टवाल्याने व्हिजिट व्हिसावर कामाला जायचा प्रयत्न केला तर मुंबईच्या इमिग्रेशन काउंटरवरूनच परत येण्याची वेळ येते, पैसे गेले ते गेलेच.

व्हिसा हातात आला की चार गोष्टी जुळवा: नाव, पासपोर्ट नंबर, मालकाचं नाव, आणि व्यवसाय. फिटर म्हणून चाललात आणि व्हिसावर लेबर असेल तर कागदावर तुमची किंमत लेबरचीच. यूएईच्या रीतसर परमिटला तिथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर येतं, अरबी, इंग्रजी आणि तिसरी भाषा असं, तिसऱ्या भाषांच्या यादीत हिंदी आहे, ती मागा. इथे सही केलेलं लेटर आणि ते लेटर शेजारी ठेवून आकडे तपासा.

६. ट्रेड टेस्ट आणि मेडिकल

टेस्टबद्दल जास्त लिहीत नाही, ज्याला काम येतं त्याला येतं. एवढंच की सौदीच्या कामाच्या व्हिसासाठी वेल्डर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशा काही ट्रेडना स्किल व्हेरिफिकेशनची वेगळी परीक्षा आहे, ती तुमच्या व्हिसाला लागते का आणि फी कोण भरणार हे एजंटकडून लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल.

मेडिकल मात्र जपून. सौदी-कुवेतसारख्या आखाती देशांचं मेडिकल वाफिद पोर्टलवरून नेमून दिलेल्या सेंटरलाच होतं, जुने लोक त्याला अजून गामका म्हणतात. छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी वगैरे. अनफिट झालात तर ते पोर्टलवर नोंदलं जातं, मग सौदी नाही तर कुवेत असं करता येत नाही. कधीकाळी टीबी होऊन बरा झालेला असेल, तरी फुप्फुसावरचा जुना डाग एक्स-रेत दिसतो आणि त्यावरून अनफिट करतात. म्हणून ज्याला अशी शंका आहे त्याने आधी गावातल्या लॅबमधे साधा एक्स-रे काढून डॉक्टरला दाखवावा. काही शेकडा रुपयांत कळतं, आणि एजंटची फी भरायच्या आधी कळतं.

७. हातातली नोकरी: राजीनामा सगळ्यात शेवटी

व्हिसा आला, जुळवून झाला, मेडिकल फिट, तिकिटाची तारीख कळली. आता नोकरीचं बघायचं, त्याआधी नाही. आणि आधी रजा मागायची, राजीनामा नाही. काँट्रॅक्टरकडे असाल तर तो बऱ्याचदा "जाऊन ये, मार्चमधे आपलं पण शटडाऊन आहे" म्हणून सोडतो.

कायम कामगार असाल तर स्वतःची सर्व्हिस मोजा. इथली ग्रॅच्युइटी पाच वर्षं सलग झाल्यावर मिळते. साडेचार वर्षं झालेला माणूस ७५ दिवसांसाठी राजीनामा देतो तेव्हा त्याने शटडाऊनच्या कमाईतून ती ग्रॅच्युइटी वजा करायला हवी, कोणी करत नाही.

पीएफ काढून एजंटला देणारे तर बघवत नाहीत. पीएफची पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते, पेन्शनचे पैसे पण काढून घेतलेत की मोजणी परत शून्यावरून. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तसाच ठेवा, परत आल्यावर नवा मालक त्याच नंबरात भरेल.

८. निघायच्या आधी: विमा, घर, बॅग

ईसीआरवाल्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. वारसाचं नाव नीट टाका आणि पॉलिसीची प्रत घरी ठेवा, घरच्यांना ती आहे हेच माहीत नसतं. ईसीआर नसलेल्यांनी विमा घेताना अंगमेहनतीचं किंवा उंचीवरचं काम वगळलंय का ते वाचा, साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समधे ते बहुतेक वगळलेलं असतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सरकारचं एक दिवसाचं फुकट प्रशिक्षण असतं ते करून घ्या, मुंबईत होतं.

घरी तीन महिन्यांचे हप्ते, किराणा आणि शाळेची फी बाजूला ठेवूनच निघा. पहिला पगार हातात यायला दीड महिना लागू शकतो आणि फोनवर "पाठवलेस का" सुरू झालं की माणूस साइटवर चुका करतो. आमच्या धंद्यात चूक म्हणजे बोट.

बॅगेत एक गोष्ट नको: खसखस. सौदी आणि यूएईत ती अमली पदार्थात धरतात. आई प्रेमाने अनारसे देते, करंज्या देते, मालवणी मसाल्याचा डबा देते, सगळ्यात खसखस. घरी आधीच सांगा, यावेळचा मसाला बिनखसखशीचा. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह आणि मूळ पाकिटात, ट्रॅमाडॉल किंवा कोडीनवाली असतील तर डॉक्टरला सांगून बदलून घ्या. आणि शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलासाठी दिलेलं पार्सल उघडल्याशिवाय घ्यायचं नाही, रागावल्या तर रागावू देत.

९. तिकडे पोचल्यावर: पहिला आठवडा आणि टाइम शीट

पहिल्या दिवशी नवीन कागद पुढे येतो, अरबीतला. घाबरू नका, पण सही करायच्या आधी फोटो काढा आणि आकडे बघा, अंक तर वाचता येतात. इथल्या लेटरपेक्षा कमी असेल तर तिथेच विचारा, एकट्याने नाही, सात-आठ जणांनी मिळून. पासपोर्ट कंपनीने स्वतःकडे ठेवून घेणं सौदी, यूएई, कतार तिन्हीकडे नियमात बसत नाही, तरी मागतात. रजिस्ट्रेशनसाठी दिलात तर परत कधी मिळणार ती तारीख विचारून घ्या.

टाइम शीट हाच तुमचा पगार. रोज संध्याकाळी फोटो काढा, वहीत तारीख, तास आणि फोरमनचं नाव लिहा. मी फोरमन होतो म्हणून सांगतो, रात्री बारा वाजता चाळीस पोरांचे तास भरताना चुका होतात, मुद्दाम नाही पण होतात, आणि ज्याच्याकडे वही असते त्याचेच तास दुरुस्त होतात.

एच-टू-एस या विषारी वायूचं ट्रेनिंग झाल्याशिवाय आणि गॅस टेस्टचं परमिट बघितल्याशिवाय व्हेसलमधे, म्हणजे प्लांटच्या बंद टाकीत, उतरायचं नाही. सुपरवायझर कितीही ओरडू दे. याला अपवाद नाही.

पगार अडकला तर आधी कंपनीला लेखी, मग भारतीय दूतावास किंवा कॉन्सुलेट, सोबत परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार. यूएईत असाल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फुकट नंबर ८०० ४६३४२, फोनमधे सेव्ह करूनच जा. तक्रार तिथे असतानाच करा. परत आलात की सप्लायर फोन उचलत नाही, आणि साक्षीदार पोरं चार जिल्ह्यांत पांगलेली असतात.

१०. परत येताना पैसे, आणि टॅक्सचा गैरसमज

निघायच्या आधी फायनल सेटलमेंटचा कागद. "पैसे मिळाले" यावर सही पैसे खात्यात दिसल्यानंतर. "तू जा, पुढच्या आठवड्यात पाठवतो" याला शक्यतो हो म्हणू नका, मागे कोणीतरी राहणारा असेल तर त्याला तुमच्या हिशोबाची प्रत देऊन या.

आता टॅक्स. "परदेशात कमावलं म्हणजे टॅक्स फ्री" हे वाक्य शटडाऊनवाल्यांना लागू नाही. नोकरीसाठी बाहेर जाणारा माणूस एनआरआय तेव्हा होतो जेव्हा १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तो भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहतो. तीन महिने बाहेर काढलेत म्हणजे नऊ महिने इथेच होतात, म्हणजे तुम्ही रेसिडेंट, आणि रेसिडेंटची जगभरातली कमाई इथे मोजली जाते. सहा महिनेवाले इंजिनीअर पण फसतात: १ ऑक्टोबरला गेलात आणि ३१ मार्चपर्यंत तिकडेच राहिलात तरी एप्रिल ते सप्टेंबर हेच १८३ दिवस होतात. चार-पाच दिवस आधी निघाला असतात तर गोष्ट वेगळी होती. लांबच्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी तिकिटाची तारीख ठरवताना हे बघा.

कमाई कमी असेल तर टॅक्स शून्यही येईल, पण परदेशातली कमाई रिटर्नमधे दाखवायची असते आणि त्याला आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही. तिकडे बँक खातं उघडलं असेल तर तेही दाखवावं लागतं, मग रिटर्न भरणंच बंधनकारक होतं, उत्पन्न कितीही असो. शटडाऊन संपताना ते खातं बंद करून या आणि बंद केल्याचा कागद, पगाराच्या स्लिपा, पैसे पाठवल्याच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. जुलैत सीएकडे जाताना तीच पिशवी न्यायची.

आणि त्याच आठवड्यात, आठवण ताजी आहे तोवर, पायरी १ चा कागद बाहेर काढा. धरलेले दिवस आणि खरे गेलेले दिवस, धरलेला खर्च आणि झालेला खर्च, शेजारी शेजारी लिहा. माझ्या पहिल्या कागदावर १०५ दिवस धरले होते, लागले १४९. तो कागद मी जपून ठेवलाय, फोन आला की आधी तोच काढतो.